दाराला लावायचा दगड

दौंड, मंगळवार, १७ नोव्हेंबर १९९८

दुपारी शेजारच्यांकडे ह्यांच्या ऑफिसचा फोन आला. लडाखमधल्या त्या डोंगरावरचं खनिज शोधायचं काम बंद. क्रोमाईट आहे, चांगलंही आहे, पण तिथवर रस्ता करावा इतकं नाही. म्हणजे ते तसंच पडून राहणार. चार उन्हाळे हे तिथं तंबूत राहिले, ते कशासाठी?

फोन घेऊन हे घरी आले ते पहिल्या वर्षी तिथून आणलेला काळा दगड उचलून घरापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. मुठीएवढाच, पण उचलला की हात खाली जातो. एरवी मी तो स्वयंपाकघराच्या दाराला लावते. आज दार वाऱ्यानं आपटत राहिलं, पण दगड मागायचा धीर होईना.

सासूबाई मात्र हरखल्या. "त्या दगडापायी माझं पोरगं बर्फात ऱ्हात हुतं. आता घरी ऱ्हाईल. शिरा तरी कर."

"आत्या, हळू बोला. ऐकतील."

"ऐकू दे की. म्या काय वंगाळ बोलले व्हय?"

वंगाळ नाहीच. देवाजवळ मी तरी दुसरं काय मागत होते? मग ह्यांची वाकलेली पाठ बघवत का नाही?

थोड्या वेळानं हे आत आले. दगड दाराला लावला, पायानं नीट सरकवला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला बरं वाटलं असेल."

"मला कशाला बरं वाटेल?" मी म्हटलं.

गॅसवर रवा भाजत होता. तुपाचा वास घरभर झाला होता.