पेटीची खंडेनवमी

सुभानपुरा, बडोदे
दसरा, १९९८

चि. सौ. रसिकेस ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? उन्मेषरावांना नमस्कार सांग. आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायला घेतलं होतं, पण कालपासून मी अशी हादरले आहे की पोळी तव्यावर टाकते आणि उलटायची विसरते.

तुला ठाऊकच आहे, आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रं पूजतात. मामंजींची तलवार थोरल्या दिरांकडे गेली, तेव्हापासून मी ह्यांच्या प्रयोगशाळेतली पेटी पूजते. ही मकरपुऱ्यात करवून घेतलेली काचेची हवाबंद पेटी. आत नायट्रोजन भरलेला. बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून आतलं काम करायचं. आत काचेचे इवले तुकडे असतात. त्यांवर प्लॅस्टिकच्या जातीचा कसलासा लेप, आणि वीज सोडली की हिरवा उजेड पडतो (मी पाहिलाय, काजव्याएवढाच). ह्या तुकड्यांपायी ह्यांचा विद्यार्थी वरद यंदा गरब्यालाही गेला नाही. पुढच्या आठवड्यात सरकारी समिती येणार. तुकडे उजळलेले दिसले तर त्याची शिष्यवृत्ती चालू राहणार, नाहीतर पीएच.डी. अर्धी टाकून त्याला गावी परतावं लागणार.

दरवर्षी मी काचेवरच हळदकुंकू लावून येते. यंदा मनात आलं, शस्त्रं आत आणि पूजा बाहेर, देवाला कोणी खिडकीतून नैवेद्य दाखवतं का? तेव्हा पेटीचं दार उघडलं गेलं. मी एकेका तुकड्याला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, फुलाने पाणी शिंपडलं, निरांजन ओवाळलं (सगळं अगदी रीतसर). इतक्यात वरद चहा घेऊन आला आणि कपबशीसकट खाली बसला. त्याच्याबरोबरचा कुशल “काकी, आ शुं कर्युं?” (हे काय केलंत?) एवढंच म्हणत राहिला.

“काकू, ह्यांना हवा चालत नाही,” वरद म्हणाला.

रसिका, मी थक्क झाले. ज्याला हवाच चालत नाही ते उद्या लोकांच्या घरात कसं लावणार? मी तसं विचारलंही. त्यांनी वीज सोडून पाहिली, एकही तुकडा उजळला नाही. वरद रडला गं. एवढा दाढीवाला मुलगा! मी शिरा करून पाठवला, तो त्याने खाल्ला नाही. सगळा विभाग मला बघून वाट बदलतो. हे तर कालपासून घरात बोलत नाहीत.

बाकी ठीक.

तुझी,
सुहासिनीताई

ता. क. त्या समितीत उन्मेषराव आहेत ना? त्यांना म्हणावं, दिवाळीनंतर या. तुझ्या कंबरेचं कारण चालेल. तोवर वरद नवे तुकडे करील. फोनच केला असता, पण हे फोनशेजारी बसून आहेत, म्हणून पत्र कुरिअरने धाडते.

पुन्हा ता. क. दार मी उघडलं नाही. त्या खिट्ट्या मला जन्मात निघाल्या नसत्या. मी तबक धरून नुसतं “जरा उघडा हो” म्हटलं, आणि ह्यांनी पटापट खिट्ट्या काढून दार धरलं. वरद आला तेव्हा हे लांब खिडकीशी जाऊन उभे होते. विभागात मी काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. इतक्या वर्षांच्या संसारात माझं पहिल्या सांगण्यात ऐकलं ते हे एवढंच. त्याची शिक्षा त्यांना कशी होऊ देऊ?