फेकून दिलेला घाणा

प्रिय घड्याळबाई,

हे नाव वाचून चिडशील. खुशाल चिड. मी कारखान्याच्या दारात खोक्यावर उभा राहून बोलायचो, तेव्हा माझा शर्ट ओढून ‘बाबा, तुमचं भाषण मघाशीच संपलं, परत का सुरू केलंत?’ असं विचारणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणायचं? सगळे कामगार खो खो हसायचे आणि मला पुढचं वाक्य आठवायचं नाही. फोनवरही मी भाषणच करतो असं तुझं म्हणणं आहे, म्हणून हे पत्र लिहितोय. पत्राचा शर्ट ओढता येत नाही.

इकडे सगळं ठीक. दादा आणि वहिनी कामावर गेले की घरात मी आणि तुझी आई. ती म्हणते, निवृत्त झाल्यापासून हा माणूस भाजीवाल्यापुढेही मुद्दे मांडतो. वाचनालयातून न्यायावरचा एक जाडजूड ग्रंथ आणलाय, पण परवापासून त्याचं पान उलटलेलं नाही. परवा चिमूटमास्तरांचा फोन आला. चिमटीने मीठ टाकून काट्याची टिंगल करणारे आणि त्यापायी अधूनमधून खारट बिस्किटं काढणारे आपले चिमूटमास्तर! त्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं की सोमवारी सकाळी कारखान्याच्या दारात कसली सभा आहे आणि मिक्सर थांबवायचं लाल बटण कामगारांच्या हातात राहणार की सुपरवायझरच्या केबिनमध्ये जाणार, ते त्या दिवशी ठरणार आहे. आणि हे सगळं माझ्या लेकीमुळे घडलं आहे! तू तुझ्या पत्रात काय लिहिलंस? ‘कामावर थोडी कटकट झाली.’ थोडी! अगं, तू अख्खं खातं थांबवलंस!

मास्तरांकडून मी सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. नवी यंत्रं आली तेव्हा मी निवृत्तीला टेकलो होतो, तरी त्यांची रीत मला ठाऊक आहे. मैदा, साखर, तेल नळ्यांतून आपोआप मिक्सरमध्ये पडतं. मीठ, सोडा, पावडरी, सुवास मात्र माणूस मापतो. स्क्रीनवर नाव येतं, डब्यावरचं लेबल स्कॅनरला दाखवायचं, डबा काट्यावर ठेवायचा, वजन जमलं की स्क्रीनवरची पट्टी हिरवी होते आणि मग ओतायचं. अर्धं काम यंत्राचं, अर्धं माणसाचं. तेव्हा मी सभेत विचारलं होतं, हा अर्धा माणूस नेमका कशासाठी ठेवलाय? हातांसाठी? हात तर उद्या यंत्रालाही फुटतील. त्या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता आलं नव्हतं. टाळ्या भरपूर पडल्या, ती गोष्ट वेगळी.

त्या दिवशी दूध न सोसणाऱ्या मुलांसाठीच्या बिस्किटांचा घाणा लागला होता. त्यात दुधाच्या पावडरीऐवजी सोयाची पावडर जाते. दोन्ही फिकट, दोन्हींचं वजन एकच. घाई असली की पुढच्या घाण्यांचे डबे आधीच मापून ठेवायची तुमच्याकडे पद्धत आहे. तसे दोन डबे, एक सोयाचा आणि एक पुढच्या घाण्यासाठी दुधाच्या पावडरीचा, तू मापून शेजारी शेजारी ठेवलेस. धुऊन आलेले डबे कुणी नीट पुसले नव्हते आणि ओल्या डब्यावर लेबल धरत नाही. दोन्ही लेबलं खाली पडली. तू ती उचललीस आणि आपल्याला आठवतंय अशा खात्रीने परत चिकटवलीस. स्कॅनर ‘टिंग’ म्हणाला, पट्टी हिरवी झाली, तू ओतलंस, मिक्सर फिरू लागला. आणि मग तुझ्या मनात आलं की ही खात्री आली कुठून? तू लाल बटण दाबलंस.

सुपरवायझर धावत आला. ताई, पट्टी हिरवी आहे ना, मग अडलं कुठे? तू म्हणालीस, पट्टीने लेबल वाचलं, लेबल मी लावलं आणि मला नक्की आठवत नाहीये. कुणी म्हणालं, वास घेऊन बघ. मास्तर सांगतात, तेव्हा तू कंबरेवर हात ठेवून विचारलंस, ‘सुवासाच्या बाटल्यांनी भरलेल्या खोलीत माझ्या नाकावर कुणाच्या पोराचा जीव टांगू?’ फोनवर हे ऐकून मी जागचा उठून उभा राहिलो. आईला वाटलं, गुडघ्यात कळ आली!

मळलेलं पीठ तपासणीची वाट बघत बसत नाही. तो घाणा फेकावा लागला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून निकाल आला आणि तिथेच खरी कटकट सुरू झाली. डबे बरोबरच होते. पावडर सोयाचीच होती. फुकट गेला सगळा घाणा! मग काय, ‘आल्या मोठ्या सत्यवादी’, ‘घरी भांडी घासतानाही थांबते का गं?’ जेवणाच्या टेबलावर तुझ्या शेजारी कुणी बसेना, हेही मास्तरांनी सांगितलं. आणि साहेबांनी फलकावर लावलं की यापुढे घाणा थांबवायचा असेल तर आधी केबिनमध्ये येऊन परवानगी मागायची.

आता ऐक. डबे चुकीचे निघाले असते तर सगळ्यांनी तुला डोक्यावर घेतलं असतं आणि मलाही आनंद झाला असता. पण आज जेवढा अभिमान वाटतोय, तेवढा वाटला नसता. चूक पकडणाऱ्याचं कौतुक कुणीही करतं. तुला काही माहीत नव्हतं आणि ‘माहीत नाही’ हे चारचौघांत, चालत्या यंत्रासमोर, स्वतःच्या हातून झालेल्या गोष्टीबद्दल तू मोठ्याने सांगितलंस. मी आयुष्यभर खोक्यावर उभा राहिलो, पण मला नेहमी सगळं माहीतच असायचं! काट्याला वजन कळतं, स्कॅनरला लेबल कळतं. शंका यायला मात्र माणूस लागतो. अर्धा माणूस कशासाठी ठेवलाय, याचं उत्तर तू बटण दाबून दिलंस. परवानगीची वाट बघत केबिनच्या दारात उभी राहिलेली शंका तिथेच विरून जाते. पीठ तोवर भट्टीत गेलेलं असतं आणि बिस्किट एखाद्या मुलाच्या हातात.

बघ, झालंच की भाषण सुरू. हसू नकोस.

पत्राच्या शेवटी, अगदी बारीक अक्षरात, तू लिहिलं आहेस, ‘बाबा, सोमवारी मला बोलायला सांगताहेत. मला जमणार नाही. चार ओळी लिहून पाठवा.’ मी लिहिल्या. चारच्या चाळीस झाल्या, सुरेख झाल्या आणि मी त्या फाडून टाकल्या. तुला माहीत नाही, पण तुमच्या युनियनच्या कमिटीची माणसंही माझ्याकडे येऊन गेली. म्हणाली, काका, एकदा शेवटचं या, तुमच्या आवाजाने दार हलतं. त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, आमच्या घरात बोलायची पाळी आता दुसऱ्या कुणाची आहे. त्यांचा विश्वास बसेना. आईचाही बसला नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तेव्हा माझ्याकडून ओळी मिळणार नाहीत. मिक्सरपाशी जे बोललीस तेच बोल, तेवढंच बोल आणि खाली उतर. मी सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने येतोय. तोंड मिटून अगदी मागे उभा राहीन. तुझा शर्ट ओढायला माझा हात तिथवर पोचणार नाही आणि ओढायची वेळही येणार नाही, मला खात्री आहे. हो, खात्री. ही कुठून आली, ते मला नक्की माहीत आहे.

तुझाच, मागच्या रांगेतला,
बाबा