डाव्या चाकाचा एक अंश

तीर्थस्वरूप दादास,

गाडीच्या सध्याच्या राखणदारणीचा साष्टांग नमस्कार (गॅरेजच्या जमिनीवर पालथी पडूनच लिहिते आहे, त्यामुळे वेगळा घालावा लागला नाही). तुझी तब्येत कशी आहे? जहाजाचं इंजिन आणि जहाजाचा स्वयंपाकी, दोघंही सुरळीत आहेत ना? इकडे बाबांचा गुडघा बरा, वहिनी बरी, मीही बरी. गाडीचं मात्र सविस्तर लिहावं लागेल. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू सगळ्याला 'हं हं' करतोस आणि नंतर आपण असं बोललोच नव्हतो म्हणून मोकळा होतोस.

तर मुद्दा असा, की येत्या अठरा तारखेला ट्रॅकवरची वेळेची स्पर्धा आहे. क्लबात तुझी जागा नऊ वर्षं राखून ठेवलेली आहे, आणि या वर्षी गाडी उतरली नाही तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल (पुढचा माणूस म्हणजे तोच दातांचा डॉक्टर, ज्याच्यासाठी मी कवळ्या बनवते आणि ज्याला माझी एकही कवळी पहिल्या फटक्यात पसंत पडत नाही. त्याला ती जागा मिळालेली मला मुळीच चालणार नाही). स्पर्धेआधी क्लबचा तपासनीस गाडी बघतो. आणि गेल्या महिन्यात मी सहज वाकून पाहते तर काय, पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड पार गुळगुळीत आणि बाहेरची नवी कोरी. तू गाडी चार बोटं खाली उतरवून घेतलीस तेव्हापासून चाकं वरच्या बाजूनं आत झुकली आहेत, त्यामुळे सगळा भार आतल्या कडेवर येतो. ट्रॅकवर वळताना थोडा झुकाव हवाच, पण किती हवा ते आपण ठरवायचं, चाकानं नाही. कंपनीनं मात्र तो कमीजास्त करायची सोयच ठेवलेली नाही, तेव्हा सामान घेणं आलं.

सामान घ्यायच्या आधी माप घ्यावं, ही माझी धंद्यातली सवय. गाडी गॅरेजमध्ये नेहमीच्या जागी उभी केली, चाकाला कोन मोजायचं यंत्र लावलं. डावं चाक तीन अंश झुकलेलं, उजवं एकच. मी तीनदा मोजलं, तीनदा तेच. याचा अर्थ उघड होता, की तू कधीतरी डावं चाक कुठल्यातरी कट्ट्यावर आपटलंस आणि आमच्यापासून लपवलंस. मी तुला तीन दिवस मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं. चौथ्या दिवशी वहिनीला विचारलं, की दादानं गाडी कुठे ठोकली होती का. तिचा चेहरा एकदम पडला आणि तिनं कबूल केलं, की मागं घेताना फाटकाच्या खांबाला ती तिनंच घासली होती, गेल्या वर्षी, उजवीकडून, मागच्या बाजूला (डाव्या पुढच्या चाकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. शिवाय हे तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय, तेव्हा तू हा कंस वाचला नाहीस).

मग दुकान. तिथे दोन गोष्टी समोर आल्या. एक, कॅम्बरचे, म्हणजे चाकाच्या झुकावाचे, बोल्ट. दिसायला साधे, फक्त मधला भाग एका बाजूला फुगीर, बोल्ट फिरवला की चाकाचा झुकाव बदलतो. पण फार जोरात वळलं तर ते जागचे सरकतात, असं दुकानदारानंच सांगितलं. दुसऱ्या, कॅम्बरच्या प्लेट. या शॉकअबसॉर्बरच्या डोक्यावर बसतात, त्यांना खाचा असतात, त्या खाचेतून डोकं आतबाहेर सरकवायचं आणि घट्ट करायचं. म्हणजे ट्रॅकसाठी एक खूण, रस्त्यासाठी दुसरी. दुकानदार प्लेटच घ्या म्हणाला, कारण त्या जांभळ्या होत्या. जांभळ्या असून फायदा काय, असं विचारल्यावर म्हणाला, बॉनेट उघडलं की उठून दिसतात. बाबांचा कौल बोल्टांना (त्यांना कुणी विचारलं नव्हतं), कारण प्लेट खडखडतात असं त्यांनी कुठंसं वाचलंय. त्या खडखडतात, हे खरं आहे. तरी मी प्लेटच घेतल्या, आणि काळ्या घेतल्या.

बसवायला दोन सुट्ट्या गेल्या. माझं माप होतंच. डावं चाक एक अंश सरळ केलं, उजवं एक अंश झुकवलं, दोन्ही बरोबर दोन अंशांवर आणून ठेवली आणि वहिनीला शेजारी बसवून निघाले. गाडी डावीकडे ओढायला लागली. नुसती ओढत नव्हती, हट्टानं ओढत होती. वहिनी दोनदा म्हणाली की डावीकडे आपलं काही काम नाहीये. मी तशीच मिलिमीटरकडे गेले (चाकांची जुळणी करणारा, ज्याला मिलिमीटरशिवाय बोलताच येत नाही तो). त्यानं गाडी आपल्या मापाच्या पाटावर चढवली आणि म्हणाला, डावं एक, उजवं तीन. मी माझं यंत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि त्याला ऐकवलं, की मी कवळीत केसाएवढा फरक सोडत नाही. त्यानं यंत्र उलटसुलट करून पाहिलं, चांगलं आहे म्हणाला, आणि गाडी मोजताना कुठे उभी होती ते विचारलं. मी सांगितलं.

"ताई, गाडी पहिल्यापासून सरळ होती," तो म्हणाला, "तुमची जमीन उतरती आहे."

त्याच्या दुकानात तेव्हा चार माणसं होती आणि चौघांनाही एकच म्हण आठवली, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. ती मी इथे लिहिणार नाही.

घरी येऊन गॅरेजमध्ये बादलीभर पाणी ओतलं. इकडेतिकडे न बघता ते सरळ उजव्या भिंतीच्या मोरीत गेलं. बाबांना फार आनंद झाला. घर बांधताना गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून हा उतार त्यांनी कसा काढून घेतला, ते त्यांनी पाऊण तास सांगितलं. आणि त्या जमिनीवर मी लहानपणापासून गाड्या धुतल्यात, पाणी कसं झटकन जातं म्हणून चारचौघांत कौतुकही केलंय. तुला तीन दिवस जे बोलले ते परत घेते.

मिलिमीटरनं अर्ध्या तासात दोन्ही चाकं खरोखरच्या दोन अंशांवर आणली, त्यांची दिशाही जुळवून दिली. टायर नवे घातले. तपासनीस काल येऊन गेला, त्याला बोट ठेवायला जागा सापडली नाही. तू बारा तारखेला आलास की हात बसवायला तुला सहा दिवस मिळतील.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. : उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. गेले आठ महिने मी दर रविवारी सकाळी गाडी ट्रॅकवर सरावाला नेते. बाबा वेळ मोजतात.

ता. क. दुसरा : तुझी रजा रद्द झाली, हे वहिनीनं मला अकरा दिवसांपूर्वीच सांगितलं. वर बारा तारखेचं लिहिलं ते तू स्वतःहून सांगशील या आशेनं. मला वाईट वाटलं, दादा. दोन दिवस गॅरेजकडे फिरकलेच नाही. तू असायला हवा होतास.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिण्याचं कारण : सोबत क्लबचा फॉर्म आहे. मालकाच्या ओळीवर सही करून पुढच्या बंदरावरून लगेच पाठव. तुझी सर्वांत चांगली वेळ एक मिनिट बावन्न सेकंद आहे. माझी लिहीत नाही, तू घरापासून लांब आहेस. गाडी तुझी आहे, नाही म्हणालास तर मी उतरणार नाही. पण चालकाच्या ओळीवर मी माझं नाव शाईनं लिहून टाकलंय. तेही जमिनीवर पालथी पडूनच लिहिलंय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.