आकाशाला आडवी साडी

फैजपूर,
१० जुलै १९८८

तीर्थरूप नाना यांस,
धाकट्या बहिणीचा, लीलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सारे खुशाल. केळी कापणीला आली आहेत. सासूबाईंचे गुडघे बसले, जीभ मात्र उभी आहे.

मुख्य बातमी म्हणजे तुमचा भाचा भिकन कुवेतहून श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाला येतोय. तिकीट १८ ऑगस्टचं, कानबाई २१ ला. प्रसादाच्या रोटांचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजून घ्यायचे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गेली दोन वर्षं त्याच्या नावाच्या मुठी घेतल्या आणि त्याच्या वाटचा रोट त्याच्या वडिलांनी खाल्ला. यंदा तो रोट त्याच्याच तोंडात जाताना मी बघणार आहे.

पण पेपरात वाचलं. आखातात युद्धनौकेने प्रवासी विमान पाडलं, लढाऊ विमान वाटलं म्हणे. लेकरंबाळं होती हो त्यात. भिकनचं विमान त्याच पाण्यावरून येणार.

माझा प्रश्न साधा आहे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या खेळात, आमच्या आणि पलीकडच्या गावच्या बायका नदीच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्या देतात, गोटे फेकतात. पण पहिला गोटा उचलण्याआधी पात्रातल्या रस्त्यावर जुनी साडी आडवी बांधतात. साडी दिसली की एस.टी. थांबते. मग वर लढाई चालू असताना आकाशाला साडी कोणी बांधायची? तुम्ही धुळ्यात साप्ताहिक काढता, कलेक्टरला अग्रलेखातून दम देता. एवढं शोधून काढा.

लोभ आहेच, तो टपालाने का होईना वाढवावा.
आपली,
लीला


धुळे,
३० जुलै १९८८

चि. सौ. लीलास,
गिरधरचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कामापायी साप्ताहिकाचे दोन अंक उशिरा निघाले. एकाही वाचकाने तक्रार केली नाही, याचं वाईट वाटलं.

विमान कंपनीला लिहिलं. ते म्हणतात, आकाश उघडं असेल तिथून आम्ही उडतो. उघडं की बंद, हे खालच्या देशाने सांगायचं. खालच्या एका देशाच्या वकिलातीला लिहिलं. उत्तराऐवजी खजुराच्या झाडाचं कॅलेंडर आलं, तेही गेल्या वर्षीचं. दिल्लीच्या एका खात्याने कळवलं की आम्ही फक्त सल्ला देतो, आणि तो विमान कंपनीला विचारून देतो. आमच्या गल्लीतले झुलालशेठ म्हणाले, लढणाऱ्यानेच बंद करावं. पण आकाश बंद करायचं म्हणजे आपल्या घरात आपलं चालत नाही असं जगाला सांगायचं. शिवाय वरून जाणाऱ्या विमानांची जकात बुडते, ती वेगळीच. थोडक्यात, साडी सगळ्यांच्या हातात आहे आणि प्रत्येकजण शेजाऱ्याला म्हणतोय, तुम्ही बांधा.

तुम्ही बायकाही फार मिरवू नका. यंदाच्या आखाजीला दोन्ही गावांना वाटलं, पलीकडच्यांनी बांधली असेल, आणि जामनेरच्या बसची काच फुटली. त्या बसमध्ये माझा वर्गणीदार होता.

विनोद बाजूला. माझं ऐकशील तर भिकनला कळव, येऊ नकोस. कानबाई पुढच्या वर्षीही येते.

काळजी कमी कर, पत्रं जास्त धाड.
तुझा,
नाना


फैजपूर,
१४ ऑगस्ट १९८८

तीर्थरूप नाना यांस,
लीलाचा शि. सा. न.

काचेचं तुमच्या कानावर कोणी घातलं ते मला कळलं. पलीकडच्या गावच्या लताबाईकडे बघतेच.

भिकनला येऊ नकोस म्हणून तार केली. उलट तार आली, रोट ठेव. आता रेडिओवर सांगतात की लढाई २० तारखेपासून थांबणार. म्हणजे १८ ला चालूच ना? लढाई थांबवायलाही मुहूर्त काढणारी माणसं ही! दोन दिवस थांब म्हटलं, तर पुढचं तिकीट २५ चं.

शेवटी पुन्हा तार केली की विमान उडायच्या आत चालवणाऱ्याला विचार, साडी कोणी बांधली. पोस्टमास्तरांनी ती तीनदा वाचली आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं मला विचारलं.

रात्री डोळा लागत नाही. गहू निवडून ठेवले आहेत.

देवापुढे दिवा लावा, अग्रलेख नंतर लिहा.
लीला


फैजपूर,
२३ ऑगस्ट १९८८

तीर्थरूप नाना यांस,
लीलाचा आनंदाचा नमस्कार!

आला हो भिकन! शनिवारी सकाळी भुसावळला उतरला.

माझी तार त्याला मिळाली होती. विमानात बसल्यावर त्याने लाजत हवाईसुंदरीजवळ चिठ्ठी दिली. साडीचं इंग्रजी जमेना, म्हणून खाली लढाई आहे तर वरचा रस्ता कोणी बंद केलाय का, असं लिहिलं. पायलट स्वतः उठून आला. पिकल्या मिशांचा, हसरा माणूस. म्हणाला, कोणीच केला नाही. कंपनी देशाकडे बोट दाखवते, देश कंपनीकडे. म्हणून माझ्या विमानापुरता मीच केला. पाणी सोडून वाळवंटावरून वळसा घेतोय. उशीर होईल, आणि जाब मलाच विचारतील. अख्ख्या विमानाने टाळ्या वाजवल्या म्हणे.

भिकनने रोट खाल्ला. मी बघतच बसले, तर सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लावशील, तिकडे तोंड कर.

आता खरी गंमत. रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, म्हणून मी म्हटलं, पुढच्या वर्षी त्या पायलटला घरातला धरून त्याच्या नावानेही मुठी घ्यायच्या. बठ्ठी, अगदी सगळी भाऊबंदकी ठरवायला बसली. ह्यांनी थोरल्या घराकडे बोट दाखवलं. थोरले म्हणाले, कानबाई ज्याच्या घरी बसते त्याने ठरवावं. त्या घरच्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी पंचांगाकडे. कोणी नाही म्हणेना, कोणी हो म्हणेना. मी उठले, कोठीतून मुठी मोजल्या आणि वेगळ्या डब्यात घातल्या. माझ्यापुरतं मीच ठरवलं.

आणि आखाजीला आता दोन्ही काठांनी आपापली साडी बांधायची, हे पलीकडे जाऊन ठरवून आले. शिव्या आहेत तशाच राहतील.

येताना कॅलेंडर आणा, सासूबाईंना खजुराचं चित्र बघायचंय.
लीला


धुळे,
२८ ऑगस्ट १९८८

चि. सौ. लीलास,
आशीर्वाद, आणि जरा मत्सरही.

तुझं पत्र वाचून मी गल्लीत पेढे वाटले. झुलालशेठनी दोन घेतले आणि कारण विचारलं नाही.

एक तक्रार मात्र आहे. मी तुझा सख्खा भाऊ. तुझ्या लग्नापासून दर श्रावणात रोटांचा वास घेऊन परत येतो, कारण मी माहेरचा, तुमच्या भाऊबंदकीतला नव्हे. आणि ज्याचं नाव, गाव, जात काही ठाऊक नाही, तो एका वळशात आत आला! आला ते योग्यच झालं. पण लीला, तो माणूस पुढच्या श्रावणात कुठल्यातरी वाळवंटावरून वळसा घालत असेल. त्याच्या वाटचा रोट कोणी खायचा, हे ठरवायला पुन्हा भाऊबंदकी बसवू नकोस. बोटं दाखवण्यात रोट शिळा होईल.

ही जबाबदारी मी घेतली.

तुझा,
नाना