गोळी घेतली असल्यास १ पाठवा

सोमवार, ६ जानेवारी
आटपाडीहून एसटीने फलटणला सुखरूप पोचलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, पाटाला वाहतं पाणी. आमच्या माळावरच्या माणसाचे डोळे निवतात. वीरधवलसाहेबांच्या शेतातल्या बंगल्यावर राखणीचं काम मिळालंय. फाटकाजवळ पक्की खोली, दिवा, अंघोळीला गरम पाणी. साहेबांच्या आईंना सगळे आक्कासाहेब म्हणतात. त्यांनी आल्याआल्या भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. विहिरीची मोटर फोनवरून चालू होते, म्हणून घरातला जुना फोन माझ्या हवाली केलाय. तो कधीच बंद करायचा नाही, अशी ताकीद आहे. मला साखर आहे. काय खाल्लं आणि कसं वाटलं ते रोज लिहा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून हे लिहितो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाचता-लिहिता बरं येतं. गुडघा दुखतोय. बाकी ठीक.

मंगळवार, ७ जानेवारी
सकाळी मोटर चालू करायला फोन घेतला तर त्यावर दवाखान्याचा निरोप होता. नमस्कार संयोगिताताई, आज रक्तवाढीची गोळी घेतली का? घेतली असल्यास १ पाठवा, नसल्यास २ पाठवा. दुसऱ्याचा निरोप चुकून वाचला. लगेच आक्कासाहेबांना दाखवला. त्या म्हणाल्या, "आवं तात्या, सूनबाईचं हाय ते. ती न्हाई हितं. तुमी रोज एक दाबायचं आन् गप बसायचं. दोन दाबलं की ती नर्सबाई दारात ठाण मांडून बसती." मी १ पाठवलं. उत्तर आलं, शाब्बास. सोबत फुलाचं चित्र.

गुरुवार, ९ जानेवारी
रोज १ पाठवतो, रोज शाब्बास येतं. मला मास्तरांनी कधी शाब्बास म्हटलं नाही, बायकोने तर नाहीच. फोन सांगतो ते आता मीही खातो. पालक, नाचणी, मूठभर शेंगदाणे. गूळ तेवढा वगळला. पोट हलकं वाटतं, झोप लागते. आज विचारलं होतं, बाळाची हालचाल जाणवते का? मला हसू आलं. तिथेही १ पाठवलं.

रविवार, १२ जानेवारी
ट्रॅक्टरवाला तानाजी उसाची खेप न्यायला आला होता. सूनबाई माहेराहून कधी यायच्या, असं सहज विचारलं. तो बघतच राहिला. म्हणाला, "कुठलं म्हायेर, तात्या? दिवाळीत बाळंतपणात गेली की ती. पोरगंबी न्हाई वाचलं. अंगात रगातच नव्हतं." मग हळू आवाजात बाकीचं सांगितलं. गोळ्यांनी मूल पोटात फार वाढतं, मग पोट फाडावं लागतं, असं आक्कासाहेबांच्या डोक्यात होतं. त्यांनी गोळ्या कुलपात ठेवल्या आणि या फोनवरून रोज १ पाठवत राहिल्या. शेवटच्या दिवशी सूनबाई आतून हाका मारत होती. साहेब बाहेर जेवत होते. जेवण आटोपल्यावर गाडी काढली.

मला जेवण गेलं नाही. आक्कासाहेबांना म्हटलं, दवाखान्यात कळवून हे निरोप बंद करू या. त्या म्हणाल्या की पुढच्या महिन्यात साहेबांचं दुसरं लग्न आहे, आत्ता कुणी चौकशीला यायला नको. खोली सोडायची असेल तर तसं सांगा. या वयात, या थंडीत मी कुठे जाणार? १ पाठवलं.

उत्तर आलं, शाब्बास तात्या.

फोनला माझं नाव कसं कळलं —

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत
तीळगूळ घेताना आक्कासाहेबांचा हात दिसला. नखं चुन्यासारखी पांढरी. बोलता बोलता उंबऱ्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणतात, अंगात रक्त उरलेलं नाही. जखम कुठेच नाही. बाटल्या लावल्या, पण चढवलेलं रक्त टिकत नाही.

फोनवर आलंय, आक्कासाहेबांना रक्त कमी कसं? गोळी घेतली असं त्यांनी रोज कळवलंय.

आरशात माझी जीभ पाहिली. फिकट आहे. उजेड कमी असेल.

शुक्रवार, १७ जानेवारी
आक्कासाहेब सकाळी गेल्या. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, म्हातारपणी कायबी दिसतं, लग्न ठरलेल्या दिवशीच होईल, फोन चालू ठेवा आणि एक दाबत जा.

फाटकापर्यंत जाताना दोनदा बसलो. ओठ पांढरे झालेत. पालक खातो, काही उपयोग नाही. मीही १ पाठवलंय. कळल्यावरही पाठवलंय —

रविवार, १९ जानेवारी
खरं सांगितलं तर हा फोन मला सोडेल, असं वाटलं. नखं आक्कासाहेबांसारखी झालीत. सकाळी २ पाठवलं. उत्तर आलं, पहिल्यांदा खरं बोललात तात्या. मी संयोगिता, स्वतः येते. फाटक उघडं ठेवा.

उघडं ठेवलंय.

दुपार
उसातून आली. पोट तसंच, भरलेलं. चेहऱ्यावर रंग म्हणून नाही. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ बंगल्याकडे गेली.

फोन वाजला. साहेब जेवताहेत. गप्प राहाल तर १ पाठवा, तुमचं रक्त तुम्हाला परत. हाक मारून सावध कराल तर २.

खिडकी उघडी आहे. माझी हाक सहज पोचेल —

बंगल्याचं दार लागलं. आतून साहेब मला हाका मारताहेत. तात्या, दार उघडा. तात्या —

१ पाठवलं.

नखांत रंग येतोय. खरंच येतोय —

आतला आवाज बारीक होत थांबला. शाब्बास आलं नाही. आलंय ते एवढंच, तुम्हीपण हाका ऐकून गप्प बसलात.

ती पायरीवर उभी आहे. आता माझ्या खोलीकडे बघतेय. मला सांगितलं तेच मी केलं. आक्कासाहेबांनी सांगितलं तेव्हाही, आत्ताही, मी फक्त सांगितलं ते —