नारिंगीतला पट्टा

सर, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागणार. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तो दिवस मात्र जसाच्या तसा आहे. काचेच्या नळीत पवना नदीचं हिरवट पाणी, मागे दिवा, आणि माझ्या डोळ्याला उजेडाचे रंग सुटे करून दाखवणारा तुमचा पितळी वर्णपटदर्शक. दिसतो तो शेवाळानं टाकलेला रंग, असं तुम्ही शिकवायचात. त्यानं गिळलेला शोधा, तिथे काळा पट्टा पडतो, त्यावरून जात ओळखा. तांबड्यातला पट्टा सगळ्यांना दिसला. मला शेजारी नारिंगीतही एक पुसट पट्टा दिसला. हिरव्यात नारिंगी गिळणारं निळं-हिरवं शेवाळही मिसळलेलं आहे, असं मी म्हटलं. तुम्ही डोळा लावून पाहिलंही नाहीत. "बाई, दिसलं की वाटलं?" वर्ग हसला. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता तर तिथेच मिटलं असतं. तुम्ही नळी मोरीत ओतलीत. पुढे संशोधनासाठी शिफारस मागायला आले, तेव्हा माझी कल्पनाशक्ती चांगली आहे, एवढंच म्हणालात. शिफारस दिली नाहीत.

आता पिंपरीच्या एका औषध कारखान्यात मी पाणी तपासते. गेल्या आठवड्यात यंत्रं थंड ठेवणाऱ्या पाण्याचा हौद हिरवा झाला, आणि ज्यांना सगळे भाऊ म्हणतात ते पंपावरचे कामगार बाटली भरून घेऊन आले. इथे नवं यंत्र आलं आहे. ते पाण्यातून एकेका रंगाचा उजेड सोडतं. जितका गिळला जाईल तितकी सुई उतरते. तांबड्यात उतरली. नारिंगीपाशीही उतरली. मग मी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर निळ्या-हिरव्या तंतूंचा गुंता. याच्यावरून तुमच्या मोरीत गेलेल्या पाण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळतं. ते आता कधीच होणार नाही. मी चुकलेही असेन. पण ते कळण्याचा माझा हक्क तुम्ही ओतून टाकलात, आणि तेवढं मी तुम्हाला माफ करत नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. सुई नारिंगीपाशी उतरली तेव्हा मी त्या भाऊंना जवळ बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला दिसतंय ना? ते वाकले. "व्हय की, बाई. उतरली की सुई. तुमचं डोळं दुखत्यात का?"

डोळे दुखत नव्हते, तरी मी हो म्हटलं. मग यंत्र पहिल्यापासून लावलं, आणि त्यांना पुन्हा विचारलं.