फलकावर न आलेली बोट

गोथेनबर्ग,
१४ नोव्हेंबर

प्रिय हेड्डाताई,

लुलेओत बर्फ पडला असेलच. छोट्या आग्नेसला मावशीचा पापा. इथे नुसतं धुकं आणि चिखल, बाकी मी धडधाकट. माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण बाबांची बाजू घेतेय म्हणून फाडू नकोस, पुढे वाच.

आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यादी आधीपासून तयार नसते. मागाल तेव्हा एकेक गोष्ट पुढे येते, म्हणून तिला आळशी यादी म्हणतात. तिच्यातून पहिल्या तीन गोष्टी काढून देणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, मी लिहिलं. हातातली गोष्ट देण्याआधी ते तिच्या मागची आली का, ते बघायचं. माझ्याबरोबर काम करणारी ब्रिता तेव्हाच म्हणाली, "मालिन, हे तर माझ्या सासूबाईंसारखं! मागचा पाव दिसल्याशिवाय हातातला द्यायच्या नाहीत." मी म्हटलं, "बघू दे की मागे. काय बिघडतंय?"

बिघडलं गं. आपल्या बेटावर, धक्क्यावर बोटींच्या वेळांचा नवा फलक लागलाय ना, तो याच फंक्शनवर चालतो. दिवसभर सगळं ठीक. पण शेवटच्या बोटीमागे दुसरी बोटच नाही. पुढची खबर थेट सकाळी. तोवर ते फंक्शन वाट बघत बसतं, आणि शेवटची बोट फलकावर येतच नाही!

आग्नेसच्या बारशाच्या आदल्या दिवशी बाबा लुलेओची रात्रीची गाडी पकडायला बॅग घेऊन धक्क्यावर गेले होते. हिवाळी वेळा त्याच दिवशी बदललेल्या. फलक कोरा, धुक्यात काही दिसेना, म्हणून परत फिरले. तुला त्यांनी तेच सांगितलं, "बोटच नव्हती." तू चौकशी केलीस, तर बोट वेळेवर सुटलेली. मग तू म्हणालीस, "यायचंच नव्हतं तर खोटं कशाला बोलता? पुन्हा तोंड दाखवू नका."

ताई, बाबा खरं बोलत होते.

काल तक्रार आली आणि मी छडा लावला. आधी रडले, मग हसत सुटले. जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! ब्रिताने चिमटा काढलाच. दुरुस्ती म्हणशील तर दोन ओळींची. बाबांना फोन करून विचारलं, "अहो, कुणाला तरी विचारायचं नाही का?" तर म्हणे, "तू केलेला फलक. त्यावर कसली शंका घ्यायची?"

शुक्रवारी मी स्वतः त्यांना रात्रीच्या गाडीत बसवणार आहे. तू त्यांना न्यायला स्टेशनवर जा ना गं. आज बेटावर जाऊन त्यांची बॅग भरायला घेतली, तर ती भरलेलीच होती. तुझ्या लहानपणी आईने विणलेला पिवळा स्वेटर आग्नेससाठी अगदी वर ठेवलाय. त्या दिवसापासून त्यांनी बॅग रिकामीच केलेली नाही.

चूक माझी होती, त्यांची नाही.

तुझीच,
मालिन